भुलाबाईच्या गाण्यावर पेटीवर व्हेरिएशन्स कशी बसवायची

मागच्या कोजागिरीला आमच्या नागपूरच्या खामल्यातल्या सोसायटीत मी भुलाबाईचं (पोरी-बायका टिपऱ्यांच्या ठेक्यावर म्हणतात त्यातलं) एक गाणं पेटीवर "जरा फास्ट करून" वाजवलं आणि तिसऱ्याच फेरीत टिपऱ्या बंद पडल्या. बायका टिपऱ्या हातात धरून माझ्याकडे पाहून राहिल्या, एक काकू म्हणे, तू वाजव बाप्पा, आम्ही बसून ऐकतो. बोटं मस्त पळत होती हो, पण गाणं कुठं होतं ते कोणालेच समजत नव्हतं. त्यानंतर वर्षभर डोकं लावून जे जमलं ते सांगून राहिलो, पेटी बऱ्यापैकी येते पण गाण्याला सजवायचं कसं, म्हणजे चाल तीच ठेवून दर फेरीत नवी नटवायची (व्हेरिएशन करायचं) कशी, हे कळत नाही अशांसाठी.

आधी गाणं निवडा. छोटं पाहिजे, दोन ओळींत चाल संपली पाहिजे आणि सगळ्यांच्या तोंडात पाहिजे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत जी गाणी घरोघरी होतात त्यातलं "एक लिंबू झेलू बाई"सारखं कोणतंही चालेल, कारण शब्द तेच तेच फिरून येतात आणि ऐकणाऱ्याच्या मनात चाल आपोआप चालू राहते. तुमची निम्मी मेहनत तिथंच वाचते. ताल आधी टाळी देऊन पाहून घ्या, सहा मात्रांचा (ठोक्यांचा) दादरा आहे की आठ मात्रांचा केरवा, हे शेवटी तिहाईच्या (एकच तुकडा तीनदा वाजवून केलेल्या शेवटाच्या) वेळी लागणार आहे. आणि पट्टी (पेटीच्या कोणत्या बटणावर सा धरायचा ते) पहिल्या दिवसापासून गाणाऱ्या बायकांची घ्या. मी दोन महिने पांढरी एकमध्ये तयारी केली आणि ऐनवेळी त्यांना काळी चार पाहिजे होती, सगळी बोटं बदलली, सत्यानाश.

आता सांगाडा काढा. म्हणजे प्रत्येक मात्रेवर कोणता सूर येतो तो एक-एक लिहायचा, बाकी हरकती मुरक्या सगळ्या पुसून टाकायच्या. भुलाबाईची चाल घरोघरी थोडी वेगळी असते म्हणून उदाहरणाला ट्विंकल ट्विंकलची घेतो, ती सगळ्यांची एकच आहे: सा सा प प ध ध प –, म म ग ग रे रे सा –. ही मूळची जुनी फ्रेंच चाल आहे, आणि मोझार्ट या पाश्चात्त्य संगीतकारानं हिच्यावरच पियानोसाठी 12 व्हेरिएशन्स केली, 1785 मध्ये व्हिएन्नात छापली गेली. नर्सरीतल्या पोरांचं गाणं म्हणून कोणी कमी समजू नका.

पहिलं व्हेरिएशन चौगुनचं, म्हणजे एका मात्रेत चार सूर. मात्रेवर मूळ सूर आणि उरलेल्या तीन जागी त्याचे शेजारी. सारेसानि सारेसानि, पधपम पधपम, धनिधप धनिधप, प. मग मपमग मपमग, गमगरे गमगरे, रेगरेसा रेगरेसा, सा. (पहिल्या तुकड्यातला नि मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला.) हळू वाजवून पाहा, गाणं आतून ऐकू येतं की नाही? तबल्याचा कायदा (ठरलेल्या बोलांची रचना) शिकलेल्यांना हे लगेच पटेल, पलट्यात (त्याच बोलांच्या उलटापालटीत) तुम्ही कायद्याबाहेरचा बोल घेत नाही, तसंच इथं सांगाड्याबाहेर पळायचं नाही. माझी चूक हीच झाली होती, मी मात्रेवरच भलते सूर टाकले, मग टिपरी कशावर मारणार कोणी.

दुसरं तिगुनचं (एका मात्रेत तीन सूर), त्यात सूर फोडून घ्या: सा साठी सागप, प साठी पगसा, ध साठी धमसा. इथं लय अडखळते, लेहऱ्याचं (तालावर एकच धून फिरवत ठेवणारं) ॲप लावूनच करा.

आता खरी मजा. मोझार्टनं पहिल्या व्हेरिएशनमध्ये उजवा हात पळवला आणि दुसऱ्यात डावा, पण आपला डावा हात भात्यावर अडकलेला, तं आपण काय करायचं? इथं पियानोवाल्यांपेक्षा कॉर्नेटवाले (ट्रम्पेटसारखं फुंकायचं वाद्य वाजवणारे) जास्त कामाचे. फ्रान्सच्या आरबाँ नावाच्या कॉर्नेटवाल्यानं 'कार्निव्हल ऑफ व्हेनिस' या चालीवर (ती इटलीची लोकचाल, पॅगानिनी या व्हायोलिनवाल्यानंही घेतलेली) अशी व्हेरिएशन्स लिहिली की एकटा माणूस एका वेळी एकच सूर फुंकतो आणि वाटतं दोघं वाजवून राहिले, एक गाणं आणि एक साथ. युक्ती सोपी आहे: गाण्याचा सूर एका सप्तकात, भरतीचे सूर त्याच्यापासून लांब, आणि मध्ये मध्ये घुसवायचे. पेटीवर एक अडचण आहे, बोट जोरात मारलं म्हणून सूर मोठा होत नाही, आवाज सगळा भात्याचा. म्हणून गाण्याचा सूर पूर्ण लांबीचा धरून ठेवा आणि भरतीचे सूर चटका लागल्यासारखे सोडा. लांब सूर कान पकडतो, तुटक सूर मागे जातो. करंगळीनं वर गाणं, अंगठ्यानं खाली सा आणि प, एवढंच आधी पंधरा दिवस. उन्हाळ्यात मी कूलरच्या घरघरीत हे करत होतो, त्यातही गाणं कळलं तेव्हा समजलो की जमलं.

एवढं पळाल्यावर लोकांना दम घेऊ द्या. एक व्हेरिएशन हळू आणि कोमल करा, ग आणि ध कोमल. पांढरी एकचा सा असेल तं काळी दोन आणि काळी चार, बस. मोझार्टच्या 12 मध्येही आठवं असंच मायनरमध्ये (कोमल ग असलेल्या पाश्चात्त्य सुरावटीत) उदास होतं. भुलाबाईच्या गाण्यात तर सासर-माहेर आहेच, लेकीला न्यायला आलेला भाऊ आहे, तिथं हे असं लागतं की काही बायका एकदम गप होतात. एकदाच करा पण, दोनदा केलं की रडगाणं होतं.

शेवट तिहाईनं. केरवा असेल तर ग रे सा, ग रे सा, ग रे सा असं समेवरून (तालाच्या पहिल्या मात्रेवरून) सुरू करून सलग तीनदा वाजवा, नऊ मात्रा होतात आणि तिसरा सा बरोबर पुढच्या समेवर पडतो. दादऱ्यात हे असं बसत नाही, तिथं प्रत्येक ग रे सा नंतर दोन मात्रा रिकाम्या सोडा, तेराव्या मात्रेला सम मिळते. मोजून पाहा, मी बोटांवर मोजलं होतं.

बसवून झालं की घरातल्या कोणालाही टिपऱ्या देऊन समोर उभं करा आणि पूर्ण वाजवा. जिथं टिपरी चुकली तिथं व्हेरिएशन कापा, कितीही आवडतं असलं तरी. माझी सात होती, चार उरली. आणि पाच मिनिटांच्या वर जाऊ नका, पोरींचं सगळं लक्ष खिरपत (झाकून आणलेला प्रसाद) ओळखण्यात असतं आणि तिकडं पातेल्यातल्या दुधावर साय धरून राहिली असते.