इलेक्ट्रिक स्कूटर शिकताना आधी मूठ, मग रस्ता

‘सायकल येते ना, मग काय कठीण आहे? बस आणि मूठ पिळ.’ नवी इलेक्ट्रिक स्कूटर दारात आली की शेजारीपाजारी, दुकानातला मुलगा, घरातला भाऊ सगळे हेच सांगतात. गोव्यात, फोंड्यात आमच्या वाड्यावर मी बऱ्याच जणींना ही गाडी शिकवली आहे, आणि हा सल्ला ऐकून आलेल्यांना शिकवताना जास्त वेळ जातो. पडणाऱ्या बहुतेक जणी पडतात त्या गाडी हलवताना, वळवताना, अंगणातून बाहेर काढताना. वेग नंतर येतो. आधी गाडी चालण्याच्या गतीने हातात राहिली पाहिजे.

कागदांचं थोडक्यात. ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणारी, २५० वॅटपर्यंतच्या मोटरची गाडी सोडली तर परवाना, नोंदणी आणि विमा तिन्ही लागतात. शिकाऊ परवाना काढा, तो सहा महिने चालतो आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. तोवर मागे बसवायचंच तर परवाना असलेला शिकवणारा, दुसरं कोणी नाही. आयएसआयचं हेल्मेट मैदानातही घाला. पायात चप्पल नको.

जागा डांबरी किंवा सिमेंटची निवडा. आपल्याकडची मैदानं बहुतेक लाल मातीची, वर चिऱ्याची बारीक खडी पसरलेली. अशा खडीवर इलेक्ट्रिक मोटरने एकदम ओढ घेतली की मागचं चाक जागच्या जागी फिरतं आणि गाडी तिरकी जाते. नवख्या माणसाला तिथे काही सावरता येत नाही.

आता मुठीकडे या, म्हणजे हँडलच्या उजव्या टोकाला जी पिळून वेग देतात तिच्याकडे. मलाही सगळ्यात जड हीच गेली होती, आणि लोक हीच शिकवायची विसरतात.

पेट्रोलची स्कूटर मूठ पिळल्यावर आधी आवाज करते, क्लच पकडायला क्षणभर घेते, मग सरकते. त्या क्षणात तुमच्या हाताला सूचना मिळते. इलेक्ट्रिक मोटर शून्य गतीलाच जवळजवळ पूर्ण जोर देते. आवाज नाही, उशीर नाही. मूठ थोडी जास्त पिळली गेली की गाडी पुढे उडी घेते, तुमचं अंग मागे जातं, तोल सांभाळायला हात हँडल ओढतात आणि त्या ओढण्याने मूठ आणखी उघडते. कंपाउंडच्या भिंतीवर जाऊन आदळणाऱ्या गाड्या अशाच आदळतात. त्या क्षणी ‘ब्रेक मार, ब्रेक मार’ ओरडून उपयोग नसतो, कारण हात आधीच भलतं काम करत असतो.

म्हणून मूठ धरायची कशी, ते गाडी बंद ठेवून आधी शिका. मनगट उंच ठेवून धरलंत तर खाली वळवायला भरपूर जागा राहते आणि मूठ नको तेवढी उघडते. मनगट आधीच सपाट, थोडं खालच्या बाजूला ठेवून धरा. मग मूठ थोडीशीच पिळता येते, जास्त पिळायला गेलं की मनगटच अडतं. शिकताना तेवढीच हवी. कोपर सैल, खांदे सैल, आणि मूठ कपातल्या चहासारखी, सांडणार नाही इतपतच धरायची.

मग गाडी सुरू करा, सगळ्यात हळू मोडवर टाका आणि फक्त एवढंच करा: किंचित उघडा, गाडी स्वतःच्या लांबीइतकी पुढे जाऊ द्या, मूठ बंद करा, थांबा, पाय टेका. पुन्हा. मूठ बंद करणं हा हाताचा धर्म झाला पाहिजे. दचकलं की मूठ बंद, कोणी हाक मारली की मूठ बंद. हे अंगवळणी पडेपर्यंत मी कुणालाही मैदानाबाहेर नेत नाही, मग ती कितीही रुसली तरी. इको मोडवर टाकलं म्हणजे काम झालं असं मानू नका. इकोमध्येही गाडी धक्का देऊ शकते आणि चुकून बोट लागून मोड बदलतोही.

दुसरा घोटाळा ब्रेकचा. पेट्रोलची स्कूटर चालवणारे शिकवतात, ‘हळू जायचं असेल तर ब्रेक थोडा धरून रेस दे.’ बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत ब्रेकचा दांडा जरासा ओढला की मोटरचा पुरवठाच तुटतो. शिकणारी ब्रेक धरून मूठ पिळते, गाडी हलत नाही, ती आणखी पिळते. मग ब्रेक सुटतो आणि साठवून ठेवलेली सगळी ओढ एकदम येते. तुमची गाडी असं वागते का, हे पहिल्याच दिवशी सपाट जागेवर, अगदी हलक्या मुठीने बघा. वागत असेल तर नियम एकच: ब्रेक सोडण्याआधी मूठ पूर्ण बंद. हळू चालवायचं ते निव्वळ मुठीने. शेजारून कोणाला तरी चालायला सांगा आणि त्यांच्या पावलाशी पाऊल जुळवत गाडी न्या. ते जमलं की आठचा आकडा काढा, नजर पुढच्या चाकावर न ठेवता जिथे जायचं तिथे.

आणि पुढच्या ब्रेकला घाबरू नका. ‘पुढचा लावला की उलटशील’ हे सांगून लोकांनी पिढ्यांना निम्म्या ब्रेकवर गाडी चालवायला लावली आहे. थांबताना भार पुढे येतो, म्हणून थांबवण्याचं बरंचसं काम पुढचं चाक करतं. दोन्ही एकत्र, चढत्या दाबाने लावा. पुढचा एकटा, वळणावर आणि झटक्याने लावणं वाईट, पुढचा ब्रेक वाईट नाही.

गाडीवरून उतरलात की आधी ती बंद करा. चालू गाडी ढकलताना हँडल ओढलं की मूठही ओढली जाते आणि गाडी तुम्हाला घेऊन जाते. स्टँड खाली असला की बहुतेक गाड्यांची मोटर चालत नाही, पण त्या भरवशावर राहू नका. मुलांना चालू गाडीच्या हँडलजवळ उभं करू नका. आवाज नसल्यामुळे गाडी चालू आहे हे त्यांना कळत नाही.

चढणीवर सुरू करणं फर्मागुडी किंवा पणजीच्या आल्तिनोला राहणाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात लागतं. डावा दांडा, म्हणजे मागचा ब्रेक, धरून गाडी थांबवा, उजव्या हाताची बोटं पुढच्या ब्रेकवरून काढा, डावा सोडा आणि लगेच मूठ किंचित उघडा. गाडी वीतभर मागे येईल, येऊ दे. घाबरून मूठ पिळलीत तर पुढचं सगळं वर लिहिलंय तसंच होईल. काही गाड्यांत चढणीवर धरून ठेवायची सोय असते, असेल तर वापरा.

उतरणीचं एक कुणी सांगत नाही. बऱ्याच गाड्यांत मूठ सोडली की मोटर गाडीला मागे धरते आणि त्यातून तयार होणारी वीज बॅटरीत परत जाते. पण बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर ती वीज जायला जागा नसते, आणि तेव्हा मोटर कमी धरते किंवा धरतच नाही. रात्रभर चार्जिंग करून सकाळी टेकडीवरून खाली उतरणाऱ्याला रोजच्या सवयीची ती पकड अचानक मिळत नाही. अशा सकाळी वेग पहिल्यापासून ब्रेकनेच ताब्यात ठेवा.

आता रस्ता. पहिली फेरी वाड्यातल्या आतल्या रस्त्याने, सकाळी. आपले रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना शेवाळलेल्या चिऱ्याच्या भिंती, वळणापलीकडचं काही दिसत नाही. पेट्रोलच्या गाडीचा आवाज तरी पुढे जातो, तुमचा जात नाही. सायकलवरून पाव विकणारा पोदेर, रस्त्यात बसलेली गुरं, घंटा ऐकून शाळेकडे पळणारी पोरं, कुणालाच तुम्ही येताय हे कळणार नाही. वळणाआधी वेग कमी आणि हॉर्न एकदा, छोटा. डिचोली-साखळी भागात खनिजाच्या ट्रकांनी सांडलेल्या लाल धुळीवर पाऊस पडला की रस्ता साबणासारखा होतो, तिथे मूठ आणि ब्रेक दोन्ही हळुवार.

पावसाळ्यात शिकायला सुरुवात करू नका. बॅटरीला पाण्यापासून संरक्षण असलं तरी साचलेल्या पाण्यात चाकाखाली खड्डा आहे की दगड ते कळत नाही.

रायबंदरहून चोडणला किंवा जुन्या गोव्याहून दिवाडीला फेरीबोटीने जायचं असेल तर नवखेपणी गाडी स्वतः धक्क्यावर उतरवू नका. ओहोटीला पाणी खाली जातं, धक्क्याचा खालचा, शेवाळाचा भाग उघडा पडतो आणि चढणही वाढते. जाणत्या माणसाच्या हातात द्या, नाहीतर गाडी बंद करून, डाव्या बाजूने चालत, पुढचा ब्रेक हलका धरत न्या. फेरीबोटीत चढल्यावर किल्ली खिशात. शेजारी माणसं खेटून उभी असतात.

पक्का परवाना आल्यावर मागे माणूस बसवायचा तो शेवटी. वजन वाढलं की चढणीवर गाडी जास्त मागे येते आणि मूठ थोडी जास्त लागते, म्हणून त्या माणसाला घेऊन आधी ओळखीच्या चढणीवर थांबून-सुरू करून बघा, मग बाजाराला जा.