गॅस न पेटवता रात्रीचं जेवण: दडपे पोहे

ऑफिसमधून यायला साडेसात आणि पोरं दारातच "आई, भूक!" करत उभी असतात, अशा दिवशी मी सरळ दडपे पोहे करते, गॅसला हातच लावत नाही. फोडणी घालतात खरी वरून, पण नाही घातली तरी काही बिघडत नाही हो.

4 वाट्या पातळ पोहे घ्या, पातळच हं, जाडे घेतले तर चावत बसाल. 1 वाटी ओलं खोबरं, बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर, मीठ, चिमूटभर साखर, लिंबू, सगळं आधी परातीत हाताने चांगलं चुरडा म्हणजे कांद्या-टोमॅटोला पाणी सुटतं, मग त्यात पोहे कालवा आणि ताट झाकून वर वरवंटा नाहीतर पाण्याने भरलेलं पातेलं ठेवा 15-20 मिनिटं. पोहे धुवायचे नाहीत, लगदा होतो! कोरडे वाटले तर नारळाचं पाणी शिंपडा, साधं पाणी अगदीच नाइलाज असेल तर.

वरून भाजलेले दाणे. मुलं तिखट खात नसतील तर मिरची वगळा आणि सोबत दही द्या.

खोबरं संपलंय? मग कच्चं तेल, तिखट, मीठ, मेतकूट लावून तेच पोहे.