थंडीत वेताळ टेकडीवर जायचं तर

जानेवारीत पुण्याच्या वेताळ टेकडीवर पक्षी बघायला निघालात, तर पावलं मोजणारं घड्याळ घरी ठेवा. मी दोन हिवाळे तिथे भराभर चालले आणि बुलबुल-साळुंक्यांपलीकडे काही दिसलं नाही. मग गुडघा धरला, जागोजाग थांबावं लागलं, आणि पक्षी दिसायला लागले.

पहाटे पाचला उठायची गरज नाही. पुण्यात या दिवसांत सूर्य सातनंतर उगवतो, आणि गारठलेले किडे ऊन लागल्याशिवाय हलत नाहीत. किडे खाणाऱ्यांची लगबगही त्यानंतरच. ऊन पाठीशी घेऊन उभं राहा, नाहीतर सगळेच पक्षी काळे दिसतील.

उभं कुठे राहायचं? ग्लिरिसिडियाच्या दाटीत नको. ही उंदीरमारी मूळची मध्य अमेरिकेतली, वनीकरणात लावलेली. गुलाबी फुलली की मध पिणारे शिंजीर येतात, एरवी शुकशुकाट. त्यापेक्षा सालई, मोई, बाभूळ अशी सरमिसळ शोधा. सालईच्या सालीला कागदासारखे पापुद्रे सुटलेले असतात. चीक वाळलेला दिसला तर नाक जवळ न्या, धुपाचा वास येतो. (साल सोलू नका हो!)

आता वीस मिनिटं हलायचं नाही. थंडीत बारके पक्षी टोळीनं हिंडतात. चष्मेवाले, सुभग, निखार, एखादा नाचण. झाड पाच मिनिटं गजबजतं आणि रिकामं होतं. मागे धावलात की ती टोळीही गेली आणि पुढचीही.

डोळ्यांआधी कान लावा. झुडपातून गोट्या आपटल्यासारखं ‘चक्, चक्’ आलं तर वटवट्या. घड्याळाला चावी दिल्यासारखं कोरडं ‘टर्र्र’ आलं तर लाल छातीचा माशीमार. शेपटी उडवली की बुडाशी पांढरं दिसतं. टेकडीवरच्या खाणीच्या दगडांवर थिरथिरा बघा. शेपूट अशी थरथरते की नाव कोणी सांगावं लागत नाही.

दुर्बीण 8 बाय 42ची (आठ पट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) पुरे. दहा पटीची घेतली तर माझ्या वयाचा हात थरथरतो आणि दुर्बिणीतला पक्षीही.

उतरताना वाटेत फुललेली काटेसावर भेटली तर तिच्याखाली थांबा. पान एक नाही, नुसती लाल फुलं, आणि त्यांवरून कोतवाल, साळुंक्या, भोरड्यांची भांडणं. इथे खुशाल बोला, खोका, चहा प्या. वर कुणाला तुमच्याकडे बघायला वेळ नसतो.