बेळगाव परिसराचा हवामान-धोका मोजताना या चुका टाळा

हल्ली ग्रामपंचायतीचा आराखडा असू दे, कॉलेजचा प्रोजेक्ट असू दे नाहीतर एखाद्या संस्थेचा अहवाल, 'हवामान बदल : धोके आणि संधी' असं एक प्रकरण त्यात असतंच. ते असायलाच पाहिजे. पण त्यातली बरीच प्रकरणं वाचली की वाटतं, बेळगावचं नाव खोडून तिथं लातूर नाहीतर म्हैसूर टाकलं तरी काही फरक पडायचा नाही. पाऊस अनियमित होईल, दुष्काळ वाढेल, झाडं लावा, जनजागृती करा. एवढं वाचून कुणी काय करायचं? मला यातलं एकच म्हणायचंय, धोका लिहायचा तर कुठल्या पुलाला, कुठल्या शिवाराला, कुठल्या माणसाला आणि वर्षातल्या कुठल्या आठवड्यात, हे लिहा. तेवढं जमलं तर बाकीचं आपोआप सरळ होतं.

जिल्ह्याची सरासरी घेऊन बसू नका

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. खानापूर तालुक्यात कणकुंबी-आमगावच्या पट्ट्यात वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तिकडं अथणीला पाचशे-सहाशेच्या आसपास. जिल्हा एकच. या दोघांची सरासरी काढली तर जो आकडा येतो तो ना खानापूरचा असतो ना अथणीचा, आणि त्यावर केलेलं नियोजन दोघांनाही निरुपयोगी. पुण्याच्या हवामान खात्याचा 1901 पासूनचा पावसाचा डेटा फुकट मिळतो, छान आहे, वापरा, पण त्यात नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाला एकच आकडा दिलेला असतो, आणि असा एक चौकोन पाव अंशाचा, म्हणजे साधारण सत्तावीस किलोमीटरचा असतो हे लक्षात ठेवा. घाटमाथ्यापासून बेळगाव शहरापर्यंत येताना पाऊस इतक्या भराभर उतरतो की एका चौकोनात दाट जंगलही येतं आणि शहराच्या बाजूची कोरडी शेतंही. जगाच्या हवामानाचा अंदाज करणाऱ्या कॉम्प्युटर मॉडेलांचा चौकोन तर शंभर किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आख्खा जिल्हाच एक-दोन ठिपक्यांत. त्यातून '2050 ला अमुक वॉर्डात अमुक टक्के पाऊस' असा निष्कर्ष काढणं म्हणजे नसलेली माहिती कागदावर आणणं.

मग काय करायचं? कर्नाटकात राज्य आपत्ती देखरेख केंद्राची पर्जन्यमापकं ग्रामपंचायत पातळीपर्यंत आहेत. त्यांचे आकडे घ्या, जिल्ह्याचे निदान तीन पट्टे पाडा (घाटमाथा, मधला, पूर्वेकडचा कोरडा) आणि वर्षाच्या बेरजेबरोबर तासाचा आणि दिवसाचा जोर पण बघा. हवा एक अंशानं तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, त्यामुळं वर्षाची बेरीज तीच राहून पाऊस कमी दिवसांत कोसळला असं होऊ शकतं. धूळवाफ पेरणी (पावसाआधी कोरड्या मातीत) करणाऱ्या शेतकऱ्याला बेरजेशी काय करायचंय, वळीव वेळेवर आला का, मृगाला जमिनीत ओल होती का, आणि आर्द्रानंतर किती दिवस उघडीप होती, हे त्याला पाहिजे असतं. तेच तुमच्या तक्त्यात पाहिजे.

महापालिकेच्या हद्दीवर अभ्यास थांबवू नका

इथं जरा सविस्तर लिहितो कारण सीमाभागात ही चूक सगळ्यात महागात पडते.

बेळगाव शहर म्हणजे फक्त 58 वॉर्ड नव्हेत. शहर पाणी पितं राकसकोपचं, जे मार्कंडेय नदीवर आहे आणि धरणाला लागूनच चंदगड तालुक्यातलं तुडये, म्हणजे महाराष्ट्र. राकसकोप पुरत नाही म्हणून घटप्रभेवरच्या हिडकल धरणाचं पाणी पंपानं उपसून आणायचं. आता विचार करा, जुलैमध्ये वादळी पावसात झाडं पडली, तारा तुटल्या, वीज गेली, पंप बंद. बाहेर धो धो पाऊस आणि नळाला पाणी नाही. हा धोका 'पूर' या रकान्यातही बसत नाही आणि 'पाणीटंचाई'तही, म्हणून अहवालातून तो निसटतो. धोके एकमेकांना कुठं जोडलेत ते बाण काढून दाखवा, वेगवेगळ्या रकान्यांत कोंडू नका.

रस्त्यांचं तसंच. 2019 ला आणि परत 2021 ला निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी पुणे-बेंगळूर हायवेवर आलं आणि वाहतूक थांबली. शहराच्या हद्दीत एक थेंबही न साचता शहराचं दूध, औषधं, डिझेल अडकू शकतं. उलट बाजूनं, बेळगावची भाजी रोज गोव्याला जाते, चोर्ला घाटात दरड आली की कडोलीच्या शेतकऱ्याचा कोबी-फ्लॉवर जागेवर राहतो. हे दोन्ही धोके शहराच्या नकाशाबाहेर घडतात आणि खिशाला मात्र इथंच लागतात.

आणि कृष्णाकाठ. चिकोडी, निपाणी, रायबाग, अथणीच्या पुराबद्दल बोलताना बहुतेक जण एकतर फक्त कोयना बघतात नाहीतर फक्त अलमट्टी. पण आपल्याकडं येणारं पाणी कितीतरी दारांतून येतं: कोयना, वारणा, पंचगंगेतून राधानगरी (तिथले स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात), दूधगंगेवर काळम्मावाडी, वेदगंगेवर पाटगाव. आणि गोकाकचा पूर तर वेगळ्याच खोऱ्यातला, तिथं घटप्रभेला हिरण्यकेशी आणि मार्कंडेय येऊन मिळतात, त्यामुळं हिडकलचा विसर्ग कमी असला म्हणून गोकाक सुरक्षित असं समजू नका. पाणी महाराष्ट्रातनं येतं, धरण कर्नाटकातलं, इशारा एका भाषेत, गावकरी दुसऱ्या भाषेत. म्हणून डेटाही दोन्हीकडचा घ्या, कोल्हापूर-सांगलीचे रोजचे विसर्ग आणि इकडचे रोजचे साठे एकाच तक्त्यात मांडा. कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्यावरनं किती क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी येतंय हे काठावरची माणसं रोज विचारतात, तो आकडा तुमच्या अहवालात नसेल तर अहवाल काठावरच्या माणसासाठी नाही.

कल्लोळ-येडूर, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड असे सखल पूल दर मोठ्या पावसात पाण्याखाली जातात. तिथं माणसं पाण्याच्या कडेला काठी रोवून ठेवतात, थोड्या वेळानं येऊन बघतात काठी किती बुडाली, आणि त्यावर जनावरं हलवायची की नाही ते ठरतं. हा खरा डेटा आहे. कुठल्या घराच्या भिंतीवर 2005 चं पाणी कुठवर होतं, 2019 चं कुठवर, 2021 चं कुठवर, हे गावात उभं राहून टेपनं मोजा आणि मग कॉम्प्युटरचा नकाशा त्याच्याशी ताडून बघा. नकाशा आणि भिंत जुळली नाही तर आधी नकाशा तपासा.

'आमच्याकडं कुठं चाळीस डिग्री' म्हणून उष्णता सोडून देऊ नका

सपाटीवर उष्णतेची लाट जाहीर करायला कमाल तापमान निदान 40 अंश लागतं. बेळगाव शहर उंचावर आहे, हवा बरी, तिथवर पारा क्वचितच जातो, म्हणून अहवालात उष्णतेपुढं 'धोका कमी' अशी खूण पडते. पण उद्यमबागच्या फाउंड्रीत भट्टीपुढं उभा राहणारा कामगार, पत्र्याच्या शेडमधलं घर, रात्री न उतरणारी गरमी, हे त्या 40 च्या आकड्यात येतच नाही. शिवाय अथणी, रामदुर्ग, सौंदत्तीकडचा उन्हाळा वेगळा, तो शहराच्या तापमानावरनं ठरवू नका. रात्रीचं किमान तापमान, दमटपणा आणि कामाची जागा, हे तीन बघा. ज्यांना एप्रिल-मेमध्ये भर दुपारी काम करावंच लागतं त्यांची यादी आधी, थर्मामीटर नंतर.

'शंभर वर्षांतनं एकदा येणारा पूर'

या शब्दांनी लोकांची फसवणूक होते. दरवर्षी एक टक्का शक्यता असलेला पूर तीस वर्षांत एकदा तरी यायची शक्यता साधारण 26 टक्के निघते, म्हणजे घराचं कर्ज फिटायच्या आत चारात एक. आणि हे जुन्या नोंदींवरचं गणित, हवा तापतेय तसं ते आणखी बिघडणार. गावात बोलताना टक्क्याची भाषा घरच्या मुदतीत सांगा.

गुण देऊन बेरीज मारणे

धोक्याला एक ते पाच गुण, परिणामाला एक ते पाच, गुणाकार करायचा आणि रंग भरायचे. पद्धत वाईट नाही, पण वॉर्डाची सरासरी काढली की जे सोसतात ते गायब होतात. आयपीसीसीच्या (हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या) मांडणीत धोक्याचे तीन भाग आहेत: संकट किती, त्याच्या वाटेत कोण, आणि ते सोसायची ताकद किती. आपल्याकडं पहिल्या भागावर वीस पानं आणि तिसऱ्यावर एक परिच्छेद.

वडगाव-शहापूरच्या शिवारात जाऊन बघा. बळ्ळारी नाल्याचं पाणी भाताच्या रोपावर चढतं, फक्त शेंडे दिसतात, दोन-तीन दिवसांत उतरलं तर रोप वाचतं, आठवडाभर थांबलं तर कुजतं, आणि उतरताना मागं गाळ नि प्लास्टिकच्या पिशव्या सोडून जातं. मग दुबार लावण, पण रोप आणायचं कुठनं? ज्याची स्वतःची जमीन आणि हातात पैसा आहे तो बाहेरनं आणतो, खंडानं कसणारा त्या वर्षी गप्प बसतो. पाऊस दोघांवर सारखाच पडला. नकाशावर दोघांचा रंगही एकच. म्हणून प्रत्येक वॉर्डात, प्रत्येक शिवारात सगळ्यात अडचणीतला माणूस कोण ते वेगळं लिहा: मातीच्या भिंतीचं घर, एकटी म्हातारी, खंडानं कसणारा, पोटभाड्यानं राहणारा.

एकाचा उपाय दुसऱ्याच्या डोक्यावर जात नाही ना, हे पण इथंच तपासा. वरच्या भागात नाला सिमेंटनं बांधून सरळ केला की तिथलं पाणी भरकन निघून जातं, आणि तेवढ्याच जोरानं खालच्या शेतात येतं. रस्त्याचा भराव उंच घेतला आणि मोऱ्या कमी ठेवल्या की भरावाच्या मागं तळं तयार होतं. अशा कामाला 'हवामान-अनुकूल' म्हणायच्या आधी खालच्या शिवारातल्या शेतकऱ्याला विचारलं का, एवढं अहवालात एका ओळीत द्या.

संधी म्हणजे शेवटची शुभेच्छा नव्हे

संधीचा भाग बहुतेक ठिकाणी अर्ध्या पानात उरकतात. माझ्या मते आपल्याकडं तो सगळ्यात श्रीमंत भाग आहे, फक्त त्यालाही धोक्याइतकेच कडक प्रश्न विचारायला पाहिजेत: पाणी कुणाचं, पैसा कुणाचा, सांभाळणार कोण.

विहिरी घ्या. 1924 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खणलेली काँग्रेस विहीर अजून आहे, आणि शहरात गल्लोगल्ली जुन्या विहिरी आहेत. गाळ काढून, आजूबाजूच्या छपरांचं पाणी गाळून त्यात सोडून, दर उन्हाळ्यात पातळी नि पाण्याची तपासणी लिहून ठेवली तर राकसकोपवरचा भार थोडा तरी कमी होतो, आणि वीज गेल्यावर पोहरा टाकून पाणी निघतं. ही संधी उद्या सकाळी सुरू करता येते. सौंदत्तीच्या डोंगरावर पवनचक्क्या आहेतच, आणि वारा जोरात असतो पावसाळ्यात, नेमका सौर पॅनल मंद असतात तेव्हा, म्हणजे दोन्ही एकत्र धरले तर वर्षभराचं गणित जास्त चांगलं बसतं. जागा मात्र माळाची धरा, भाताची नको.

उसाबद्दल जपून. इथेनॉल, बगॅसची (उसाच्या चोथ्याची) वीज हे सगळं संधीत लिहितात, पण 2023 ला कर्नाटकातले बहुतेक तालुके दुष्काळी जाहीर झाले तसं साल परत आलं तर तो ऊस कुठल्या पाण्यावर उभा राहणार हे शेजारच्या रकान्यात लिहा. त्यापेक्षा पाला न जाळता सरीत कुट्टी करून टाकणं, ठिबक, उसात आंतरपीक, यात खर्च कमी आणि ओल टिकते. मला हीच खरी संधी वाटते.

आकडे जुळेनात तर कुठं बघायचं

पावसाचा आकडा दोन ठिकाणी वेगळा दिसत असेल तर आधी वेळ बघा. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, त्यामुळं सात तारखेच्या रात्रीचा पाऊस आठ तारखेच्या नावावर पडतो. दुसऱ्या नोंदवहीत रात्री बारा ते बारा असेल तर पीक पाण्याखाली गेलेला दिवस आणि पावसाचा दिवस जुळणार नाहीत, आणि लोकांना वाटतं नोंद खोटी.

पाण्याची पातळी विचित्र वाटली तर एकक बघा. राकसकोपची पूर्ण पातळी 2475 फूट अशी फुटांत सांगतात, अलमट्टीची 519.60 मीटर अशी मीटरमध्ये. विसर्ग एका कागदावर क्युसेकमध्ये, दुसऱ्यावर क्युमेकमध्ये (सेकंदाला घनमीटर), आणि एक क्युमेक म्हणजे जवळजवळ 35 क्युसेक. ही एक गफलत झाली तर पूर पस्तीसपट होतो नाहीतर गायब होतो.

सगळे वॉर्ड एकाच रंगाचे आले तर डेटाचा चौकोन मोठा आहे, रंग बदलत बसू नका, बारीक डेटा आणा. सगळंच 'अति धोका' आलं तर तुमची मर्यादारेषाच ठरलेली नाही. चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरपासून जोरदार, 115.6 पासून अतिजोरदार, 204.5 पासून अत्यंत जोरदार, हे खात्याचे टप्पे आहेत, पण तुमच्या नाल्याला किती मिलिमीटर झेपतात तो आकडा स्थानिक नोंदीतनं काढा.

आणि बैठकीत कुणीच काही बोललं नाही, सगळ्यांनी माना डोलावल्या, तर सादरीकरण कुठल्या भाषेत होतं ते बघा. खानापूर तालुक्यातल्या गावात मराठीत, गोकाककडं कन्नडमध्ये, आणि नकाशावर गावातली नावं: कुठला ओढा, कुठला माळ, कुणाचं शिवार. ही बैठक मे महिन्यात घ्या, नाल्यातला गाळ काढायला, मोऱ्या मोकळ्या करायला आणि जनावरांची जागा ठरवायला मृगाच्या आधी वेळ राहतो. गणपतीनंतर घेतलेल्या बैठकीत फक्त नुकसानभरपाईचे अर्ज भरले जातात.