लेहची वाट कधी धरावी: आपल्या सुट्ट्या आणि खिंडींचं वेळापत्रक

महाराष्ट्रातून स्वतःच्या गाडीने लेहला जायचं ठरलं की तारीख बहुधा मे महिन्याची सुट्टी, गणपती किंवा दिवाळी पाहून धरली जाते. बारालाचा आणि झोजीला या वाटेवरच्या खिंडी मात्र आपल्या सुट्ट्या बघून उघडत नाहीत. तेव्हा आधी खिंडींचा हिशेब मांडायचा आणि मग रजेचा अर्ज लिहायचा.

लेहला गाडीने पोचायचे मुख्य रस्ते दोन. श्रीनगरहून आणि मनालीहून, दोन्ही सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. अंतर सारखं असलं तरी उंचीचा प्रकार अगदी वेगळा आहे. श्रीनगरच्या रस्त्यावर झोजीला ३,५२८ मीटर आणि सर्वांत उंच फोतूला ४,१०८ मीटर. मनालीच्या रस्त्यावर बारालाचा ४,८०० मीटरच्या वर, मग नकीला, पुढे ५,००० मीटर ओलांडणारी लाचुंगला आणि शेवटी ५,३२८ मीटरची तांगलांगला. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा सुरू झाला तेव्हापासून ‘आता मनालीचा रस्ता बारमाही झाला’ असं सर्रास ऐकू येतं. ते खरं नाही. बोगद्याने फक्त मनालीजवळची रोहतांग खिंड टळते, पुढच्या चारही खिंडी जागच्या जागी आहेत. दारचाहून शिंकूला ओलांडून पदुमला आणि तिथून निम्मूला निघणारा तिसरा रस्ता २०२४ मध्ये जोडला गेला, पण पहिल्याच खेपेला त्याच्या नादी लागू नये.

झोजीला इतकी बुटकी असूनही बर्फासाठी बदनाम का, असा प्रश्न पडतो. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारे ओलसर वारे, म्हणजे पश्चिमी विक्षोभ, काश्मीरच्या बाजूला आपला साठा रिकामा करतात. झोजीला त्यांच्या तोंडावरच आहे. तांगलांगला बरीच उंच, पण डोंगररांगांच्या पलीकडे कोरड्या भागात असल्याने तिथे त्या मानाने बर्फ कमी पडतो. म्हणून नुसता उंचीचा आकडा बघून खिंड कधी उघडेल याचा अंदाज बांधू नये.

‘रस्ता उघडला’ ही बातमी जपून वाचा. सीमा सडक संघटना, म्हणजे बीआरओ, हल्ली फार लवकर बर्फ कापते. २०२३ मध्ये झोजीला १६ मार्चला आणि मनाली-लेह रस्ता २५ मार्चला मोकळा झाला होता. पण तेव्हाचं उघडणं म्हणजे दोन बर्फाच्या भिंतींमधून गेलेली एक अरुंद पट्टी. आधी लष्कराच्या गाड्या आणि मालाचे ट्रक, तेही एका दिवशी एकाच दिशेने. मनालीच्या वाटेवर सर्चू, पांग, भरतपूर इथले तंबू आणि ढाबे अजून लागलेले नसतात. गाडी बंद पडली तर चहासुद्धा मिळत नाही, मेकॅनिक लांबच. घरच्यांना घेऊन जाणाऱ्याने श्रीनगरचा रस्ता मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून आणि मनालीचा रस्ता जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर उपलब्ध आहे असं धरावं.

मे. बर्फाच्या भिंती बघायच्या असतील तर हाच महिना. २० मेनंतर, येताना-जाताना दोन्ही वेळा श्रीनगरमार्गे. मनालीहून निघून बारालाच्याला दोन दिवस अडकलेल्यांत मेचे हौशी पर्यटक भरपूर असतात. सगळ्यात जास्त त्रास मात्र लडाखमध्ये होत नाही, तो राजस्थान-हरियाणात होतो. दुपारी ४३-४४ अंशांत मुलांना घेऊन गाडी हाकण्यात अर्थ नाही. पहाटे चारला निघून अकरापर्यंत टप्पा संपवा, टायरमधली हवा सकाळी गाडी थंड असतानाच तपासा. या महिन्यात पँगाँग सरोवराच्या काठी रात्री कडक थंडी असते आणि नुब्राच्या वाटेवरच्या खारदुंगला खिंडीत अचानक बर्फ पडून अर्धा दिवस वाहतूक थांबणं ही रोजचीच बाब.

जून. १० जूनपासून महिनाअखेरपर्यंत दोन्ही रस्ते चालू, वर बर्फ शिल्लक, तंबू लागलेले आणि हिमाचलात पावसाचा जोर अजून यायचा असतो. इथे विदर्भातल्या कुटुंबांना एक फायदा आहे. त्यांच्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, बाकी महाराष्ट्राच्या मात्र जूनच्या मध्यालाच. अडचण एकच, मनालीत उत्तर भारतातली सगळी सुट्टी एकवटलेली असते. मुक्काम मनालीत न करता बोगद्याच्या पलीकडे सिस्सू, केलाँग किंवा जिस्पाला करा. बोगद्यातून जायला रोहतांगचा परवाना लागत नाही, तो वर खिंडीत जाणाऱ्यांनाच लागतो.

जुलै-ऑगस्ट. ‘लडाखमध्ये पाऊस पडत नाही, मग पावसाळ्यातच जाऊ’ हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. लेहला वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस होतो, कारण मोसमी ढग अलीकडच्या डोंगरांवरच रिकामे होतात. पण ते रिकामे होतात ते नेमके तुमच्या वाटेवर, मंडी ते मनाली या पट्ट्यात. तिथे बियास नदी आणि महामार्ग एकाच चिंचोळ्या दरीतून जातात. वरून दरड येते, खालून नदी रस्ता खाते. जुलै २०२३ मध्ये ९-१० तारखेच्या पुरात हा रस्ता जागोजागी वाहून गेला होता. लडाखही पूर्ण निर्धोक नाही. तिथले उघडेबोडके, मातीचे उतार थोड्याही जोरदार पावसात चिखल होऊन खाली येतात. ५-६ ऑगस्ट २०१० च्या रात्री लेहमध्ये झालेल्या ढगफुटीत मोठी जीवितहानी झाली होती.

याच दोन महिन्यांत रजा मिळणार असेल तर श्रीनगरमार्गे जा. काश्मीर खोऱ्यात मोसमी पाऊस तुलनेने कमी असतो. पण खोऱ्यात शिरण्याआधी रामबन ते बनिहाल हा दरडींचा टप्पा आहे आणि अमरनाथ यात्रा चालू असेल तर बालटाल-सोनमर्गच्या बाजूला यात्रेच्या ताफ्यांसाठी खासगी गाड्या थांबवतात. जाताना दोन आणि येताना दोन असे चार दिवस राखीव ठेवता येत नसतील तर विमानाने लेहला जाऊन तिथली टॅक्सी करणं शहाणपणाचं. स्वतःची गाडी नेण्याचा हट्ट या काळात महागात पडतो.

सप्टेंबर. पहिल्यांदा जाणाऱ्याने डोळे मिटून ५ ते २५ सप्टेंबर हा काळ निवडावा. पाऊस ओसरत आलेला, पावसाळ्यात फुटलेले रस्ते बऱ्यापैकी बुजवलेले, रात्री पारा शून्याकडे जाऊ लागल्याने हिमनद्यांचं वितळणं कमी झालेलं आणि त्यामुळे ओढ्यांना पाणी थोडं. गर्दी निम्म्यावर येते, हॉटेलवाले भावात उतरतात. आपल्याकडे गणपती उठल्यावर पितृपक्ष लागतो. त्या पंधरवड्यात लग्नं नाहीत, मुहूर्त नाहीत, रजा मिळायला सोपी. बऱ्याच वर्षी तो नेमका या खिडकीत बसतो. पण तिथी बघून फसू नका. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आहे, गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला येते आणि पितृपक्ष थेट महिनाअखेरीला लागतो. अशा वर्षी मनालीच्या रस्त्यासाठी गणपतीच्या आधी निघावं, किंवा पितृपक्षातच जायचं तर श्रीनगरचा रस्ता धरावा. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा किती बेभरवशाचा असतो हे २०१८ मध्ये दिसलं. २२ सप्टेंबरपासून लाहौलमध्ये, म्हणजे केलाँगच्या भागात, अवेळी बर्फ पडला आणि शेकडो लोक अडकले, त्यांना काढायला वायुदलाची हेलिकॉप्टर लागली.

ऑक्टोबर उजाडला की सर्चू-पांगचे तंबू आवरले जातात. रस्ता कागदावर चालू असतो, पण केलाँगच्या पुढे निवारा नसतो. श्रीनगरची बाजू ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सहसा जमते. दिवाळीत गाडीने लेह? नको.

महिना ठरला की निघण्याची वेळही त्याच्याबरोबर बदलते, आणि हेच बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जून-जुलैत ओढ्याचं पाणी दिवसा चढतं. ऊन तापलं की हिमनदी वितळते, ते पाणी खाली यायला काही तास लागतात, त्यामुळे दुपारी दोन ते संध्याकाळपर्यंत ओढे सर्वांत फुगलेले असतात. बारालाच्याच्या आसपासचे किंवा पँगाँगच्या वाटेवरचा पागल नाला असे ओढे सकाळी नऊच्या आत ओलांडायचे, म्हणजे मुक्कामाहून पहाटे पाचला निघायचं. पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा खालचे दगड वाहताना आवाज येत असेल तर गाडी घालू नका. एखादा ट्रक आधी जाऊ द्या, त्याच्या चाकांवरून खोली कळते. पाण्यात शिरल्यावर पहिला गिअर, एकसारखा ॲक्सिलरेटर, मध्ये क्लच दाबायचा नाही.

मे आणि सप्टेंबरअखेर याच्या उलट. दिवसा वितळून रस्त्यावर पसरलेलं पाणी रात्री गोठतं आणि डांबरावर काचेसारखा पातळ थर तयार होतो. तो दिसत नाही, नुसता ओला रस्ता वाटतो. त्यावर दुचाकी तर उभीसुद्धा राहत नाही. तेव्हा खिंडीच्या पायथ्याहून सकाळी आठ-साडेआठला, ऊन रस्त्यावर आल्यावर निघा. सावलीतल्या वळणांवर ब्रेक न मारता गिअरने वेग कमी करा.

दिशेचाही विचार इथेच करायला हवा. श्रीनगरहून आत आणि मनालीहून बाहेर, हा क्रम बर्फ आणि शरीर दोन्हींच्या दृष्टीने योग्य. श्रीनगरकडून येताना सोनमर्ग, कारगिल असे सुमारे २,७०० मीटरवरचे मुक्काम मिळतात आणि शरीराला विरळ हवेची सवय होत ३,५०० मीटरच्या लेहला पोचता येतं. मनालीकडून आलात तर मधला मुक्काम सर्चूला पडतो, तो लेहपेक्षा सातआठशे मीटर उंच. पहिल्याच रात्री तिथे झोपणाऱ्यांना डोकेदुखी, ओकाऱ्या ठरलेल्या. मनालीहूनच जायचं असेल तर एक पूर्ण दिवस केलाँग किंवा जिस्पाला काढा आणि सर्चूला न थांबता एका दमात लेह गाठा. दिवस मोठा असतो म्हणून हे जूनमध्ये जमतं, सप्टेंबरअखेर अंधार पडतो. लेहमध्ये पहिले दोन दिवस कुठेही जायचं नाही. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची की नाही हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर. धाप बसूनही थांबत नसेल, तोल जात असेल, तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं.

दिवसांचा हिशेब असा: मुंबई-पुण्याहून मनाली किंवा श्रीनगरपर्यंत तीन ते चार दिवस, वर चढायला तीन, लेह-नुब्रा-पँगाँगला सहा, उतरायला दोन, परत तीन ते चार. म्हणजे सतरा ते एकोणीस. त्यात जून आणि सप्टेंबरला दोन, मे आणि पावसाळ्यात चार राखीव दिवस मिळवा. बारा दिवसांची रजा असेल तर गाडी घरीच ठेवा.

गाडीची तयारीही ऋतू बघून. मे आणि सप्टेंबरअखेर कूलंटमध्ये साधं पाणी चालणार नाही, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरून घ्या. काच धुण्याच्या टाकीतही न गोठणारं द्रव हवं. बॅटरी तीन वर्षांहून जुनी असेल तर बदलूनच निघा, थंडीत ती सर्वांत आधी दगा देते. खालून भरून आणलेलं डिझेल कडक थंडीत मेणासारखं घट्ट होतं आणि फिल्टर तुंबतो, म्हणून ऑक्टोबरच्या प्रवासात लेहला पोचल्यावर तिथल्या पंपावर टाकी भरा. मनालीच्या बाजूने केलाँगच्या अलीकडे तांदीला टाकी काठोकाठ भरायची आणि पुढे लेहच्या अलीकडच्या कारूपर्यंत, म्हणजे सव्वातीनशेहून जास्त किलोमीटर, पंप मिळणार नाही असं समजून चालायचं. ५,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्म्यावर येतो. टर्बो नसलेली गाडी सतत खालच्या गिअरमध्ये चालते आणि नेहमीपेक्षा जास्त तेल पिते. दुचाकीला पाच लिटरचा जादा कॅन लागतोच.

हॉटेल आगाऊ बुक करताना परत न मिळणारे पैसे फक्त लेहच्या मुक्कामावर लावा, तेही दुसऱ्या रात्रीपासून. सर्चू, जिस्पा, कारगिलचे मुक्काम आदल्या दिवशी ठरवले तरी चालतात. निघण्याच्या दहा दिवस आधीपासून रोज रस्त्याची स्थिती आणि हवामान खात्याचा इशारा बघा. पश्चिमी विक्षोभ येत असल्याचं त्यात तीन-चार दिवस आधी कळतं. वर चढण्याच्या दिवशी तसा इशारा असेल तर केलाँग किंवा सोनमर्गलाच थांबा आणि बर्फ थांबल्यावरही आणखी एक दिवस जाऊ द्या, बीआरओचे बुलडोझर आधी पुढे जायला हवेत.