छोट्या गावातल्या लुथरन चर्चमध्ये सुरुवात कशी करायची: रविवारी नाही, मंगळवारी जा

अमेरिकेत मिनेसोटा, आयोवा, विस्कॉन्सिन, डकोटा या पट्ट्यात आता बरीच मराठी कुटुंबं येतात, कोणी काउंटी हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणून, कोणी पवनचक्क्यांच्या कामावर, आणि गाव निघतं दोन-तीन हजार वस्तीचं. एक किराणा दुकान, एक धान्याचं उंच कोठार (एलेव्हेटर), एक शाळा आणि चर्च मात्र चार-पाच, त्यातली निदान दोन लुथरन, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या प्रोटेस्टंट पंथाची. देऊळ दोन तासांवर, मराठी मंडळ त्याहून लांब. मग ओळखी व्हायच्या कुठे? तर चर्चच्या बेसमेंटमध्ये. तिथे धर्म न बदलता, कोणाला न दुखावता आणि उपाशी न राहता कसं वावरायचं ते सांगते, मी स्वतः हिंदू शाकाहारी, त्यामुळे सल्ला त्या बाजूने आहे हे धरून चाला.

आधी बाहेरची पाटी वाचा. सगळे लुथरन एक नाहीत. ईएलसीए (इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका) म्हणजे त्यातल्या त्यात मोकळे, १९८८ साली तीन संस्था एकत्र येऊन झालेली, बायकाही पास्टर, म्हणजे चर्चच्या धर्मगुरू, असतात (त्यांच्या आधीच्या संस्थांनी १९७० पासूनच सुरू केलं होतं). मिसुरी सिनॉड आणि विस्कॉन्सिन सिनॉड (सिनॉड म्हणजे चर्चांचा संघ) जास्त कडक, तिथे बाई पास्टर नाही आणि कम्युनियन, म्हणजे प्रार्थनेत देतात ती पवित्र भाकरी आणि वाइन, फक्त त्यांच्या मंडळींना. माणसं तिन्हीकडे प्रेमळच असतात, पण बाहेरच्याला कुठे काय चालतं याचे नियम वेगळे. मी खाली लिहितेय ते मुख्यतः ईएलसीएबद्दल. आणि आपल्याकडे लुथरन हे नाव फारसं कानावर येत नाही कारण महाराष्ट्रातली बरीचशी जुनी प्रोटेस्टंट मंडळी दुसऱ्या मिशनांतून आली, १८१३ ला मुंबईत आलेलं अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल या वेगळ्या प्रोटेस्टंट पंथाचं होतं, लुथरन मिशनं तमिळनाडू, आंध्र, झारखंड अशी पसरली, आपल्या नागपूरच्या वर छिंदवाड्याला स्वीडिश लोकांची. म्हणून कोणी आजोबांनी तुम्ही इंडियातले म्हटल्यावर लगेच "गुंटूर?" असं विचारलं तर दचकू नका. जॉन क्रिश्चन फ्रेडरिक हायर नावाचा माणूस, अमेरिकन लुथरनांनी पाठवलेला पहिला मिशनरी, १८४२ मध्ये गुंटूरला पोचला, नंतर मिनेसोटात येऊन इथल्या सिनॉडचा पहिला अध्यक्ष झाला आणि म्हातारपणी परत आंध्रात गेला. एवढं माहीत असलं तर कॉफीचा पहिला कप निघून जातो गप्पांत.

आता मुख्य मुद्दा. सगळे सांगतील रविवारी या. मी म्हणते पहिल्यांदा रविवारी जाऊ नका. रविवारी सगळे समोर बघत बसलेले, तुम्हाला उठायचं कधी बसायचं कधी कळत नाही, आणि नंतर कॉफीला प्रत्येक जण "कसं काय, हवा थंड आहे" एवढं बोलून आपल्या ओळखीच्यांकडे वळतो, तुटकपणा नाही तो, लाजाळू असतात हो ही नॉर्वेजियन-जर्मन माणसं. काम हातात असेल तरच बोलतात. म्हणून जायचं ते मंगळवारी, क्विल्टिंगला (काही गावांत सोमवार किंवा गुरुवार असतो, ऑफिसला फोन करून विचारा, सेक्रेटरी सकाळी असते).

क्विल्टिंग म्हणजे आपली गोधडी, फक्त टेबलावर. सकाळी नऊला आठ-दहा बायका, बहुतेक सत्तरीच्या पुढच्या, एखादा निवृत्त शेतकरी मशीनवर बसलेला. जुन्या चादरी, पडदे, दान आलेले कापडाचे तुकडे चौकोनात कापायचे, जोडायचे, मध्ये बॅटिंगचा (कापसासारख्या भरणीचा) थर, खाली अस्तर, आणि मग टाके नाही घालायचे तर जाड दोऱ्याने चार-पाच इंचांवर गाठी मारत जायचं. साइज ठरलेला, साठ बाय ऐंशी इंच, कारण या बऱ्याचदा लुथरन वर्ल्ड रिलीफला जातात, ही संस्था १९४५ ची, युद्धानंतर युरोपला मदत पाठवायला काढलेली, आता जगभर पाठवतात. तुम्हाला शिवण येत नसली तरी गाठ मारता येतेच ना, झालं. कोणी काही शिकवत बसत नाही, शेजारची बघून करायचं. जुन्या कॉटनच्या साड्या असतील तर आधी विचारा, सुती आणि घट्ट विणीची असेल तर खूश होतात, झिरझिरीत शिफॉन नेऊ नका. शरद ऋतूत एका रविवारी या सगळ्या गोधड्या चर्चच्या बाकांवर पसरून ठेवतात आणि पास्टर आशीर्वाद देतात, मग बांधून ट्रकमध्ये जातात, त्या रविवारी मात्र जा, छान दिसतं.

साडेदहाला कॉफी. इथे लक्षात ठेवायचं, कोणी बार खायला देऊ केला की (बार म्हणजे ट्रेमध्ये भाजून चौकोनी कापलेलं गोड) लगेच घेऊ नका नि लगेच ठाम नकारही देऊ नका. एकदा "नको नको", दुसऱ्यांदा "बरं अर्धा", तिसऱ्यांदा घ्या. आपल्याला हे शिकवावं लागत नाही. आणि कितीही वय असलं तरी हाक नावानेच, काकू-मावशी नाही, ऐंशीच्या बाईला नुसतं नावाने हाक मारताना जीभ अडखळते पण तेच रीत आहे, फक्त पास्टरला "पास्टर" लावून पहिलं नाव.

बुधवार हा गावाचाच चर्चचा दिवस. पुष्कळ ठिकाणी शाळा बुधवारी संध्याकाळी मॅच वगैरे ठेवत नाहीत. सातवी ते नववीची मुलं कन्फर्मेशनच्या, म्हणजे स्वतःची श्रद्धा चर्चमध्ये जाहीर करण्याच्या विधीच्या तयारीच्या, वर्गाला, ल्यूथरने १५२९ मध्ये लिहिलेलं छोटं प्रश्नोत्तरांचं पुस्तक अजून शिकवतात, वर क्वायरची प्रॅक्टिस, खाली जेवण. तुमच्या मुलाला मित्र हमखास बोलावणार कारण नंतर जिममध्ये खेळ असतो. पाठवायचं की नाही तुमचं तुम्ही ठरवा, पण पाठवलंत तर पास्टरला आधी स्पष्ट सांगा की आम्ही हिंदू आहोत, तो खेळायला आणि जेवायला येतोय, कन्फर्म होणार नाही. ईएलसीएच्या पास्टरला यात सहसा काही वाटत नाही. न सांगता पाठवलंत तर दोन वर्षांनी पांढऱ्या झग्याचं माप घ्यायला फोन येईल आणि मग अवघड होतं.

लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीचे जे चाळीस दिवस असतात त्यात, बुधवारी सूप सपर असतं. साडेपाचला सूप, मग साधारण तासाभराने छोटी प्रार्थना. दर बुधवारी वेगळा गट सूप करतो. वाटाण्याच्या सूपमध्ये हॅम असतंच, चिली म्हणजे बीफ, वाइल्ड राइसमध्ये चिकन, टोमॅटोचं सुद्धा कधी चिकनच्या पाण्यात. सरळ उपाय हा की एका बुधवारी तुम्हीच एक क्रॉकपॉट (विजेवर मंद शिजवायचं भांडं) आमटी न्यायची, चिंच-गूळ घालून, मिरची अगदी नावाला, आणि "लेंटिल सूप" असं कार्ड लावायचं. संपते, मी पैजेवर सांगते. पैशाची टोपली दाराशी असते, कोणी बघत नाही, माणशी पाच डॉलर टाकलेत तरी चालतं.

पॉटलकचं, म्हणजे प्रत्येकाने एक पदार्थ आणायच्या जेवणाचं, थोडं नीट सांगते कारण इथेच शाकाहारी माणूस फसतो. जेलो सॅलडमध्ये जिलेटिन (जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं), मार्शमॅलोतही जिलेटिन. बेक्ड बीन्समध्ये बेकन, हिरव्या सॅलडवरसुद्धा बेकनचे तुकडे. हॉटडिश म्हणजे खाली खिमा, मध्ये मश्रूमचं डब्यातलं सूप, वर बटाट्याचे टॉट्स, वरून निरागस दिसतं. विचारलं तर नीट सांगतात पण "शाकाहारी आहे का" असं विचारू नका, "यात मांस किंवा मांसाचं पाणी आहे का" असं विचारा, कारण चिकनला कित्येकांच्या लेखी मांस म्हणतच नाहीत. स्वतः काय न्यायचं: बटाट्याची पिवळी भाजी एक नंबर, हळदीचा रंग बघून आधी थबकतात मग दुसऱ्यांदा येतात. मसालेभात काजू न घालता. कोथिंबीर वडी चालते. साबुदाण्याची खिचडी नको, दाण्याचं कूट असतं आणि गावात एक तरी मूल शेंगदाण्याच्या अॅलर्जीचं असतंच. नऊ बाय तेराच्या पॅनमध्ये न्या, पॅनच्या तळाला मास्किंग टेपवर नाव लिहा, नाहीतर पॅन सहा महिने किचनच्या काउंटरवर पडून राहतो. आणि प्लग लावायच्या आधी विचारा, एका सर्किटवर चार क्रॉकपॉट लावले की बेसमेंटमध्ये अंधार.

किचनमध्ये शिरलात की ड्रॉवरवरच्या चिठ्ठ्या वाचा आणि वस्तू जिथली तिथे ठेवा. तिथे एक बाई असते जिचं कुठल्याही यादीत नाव नाही पण किचन तिचं असतं, दोन वेळा जाऊन तुम्हाला कळेलच कोण, तिला विचारून टॉवेल उचला आणि भांडी पुसायला उभ्या राहा. माझं स्पष्ट मत आहे की या गावांत माणूस आपला मानला जातो तो भांडी पुसताना, बाकी सगळं नंतर.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात नॉर्वेजियन चर्च असेल तर लुटफिस्क सपर. वाळवलेला कॉड मासा लायच्या (कॉस्टिक सोड्यासारख्या तीव्र क्षाराच्या) पाण्यात भिजवतात, मग कित्येक दिवस साध्या पाण्यात, मग उकडतात, थलथलीत होतो आणि वास गाडीतून उतरल्यापासून येतो. तीन काउंट्यांतून माणसं येतात, तिकीट घेऊन वर चर्चच्या बाकावर नंबरची वाट बघत बसतात. हा वर्षातला पैसे जमवायचा मोठा दिवस त्यामुळे हात कमी पडतात. तुम्हाला मासा खायची गरज नाही, वितळलेल्या लोण्याचे जग टेबलांवर फिरवायचं काम मागून घ्या. त्याच्या आधी काही आठवडे लेफ्साचं काम चालतं, ती उकडलेला बटाटा, मैदा, लोणी आणि क्रीमची पातळ पोळी, खाचांच्या लाटण्याने लाटून मोठ्या गोल इलेक्ट्रिक तव्यावर पाचशे फॅरनहाइटला भाजायची आणि लांब लाकडी पट्टीने उलटायची. पुरणपोळी लाटणाऱ्या हाताला हे दहा मिनिटांत जमतं. एकदा जमलं की दरवर्षी फोन येणार. खायला लोणी-साखर लावून, शाकाहाऱ्याचं तेच जेवण त्या दिवशी, फक्त कोणी डुकराची चरबी घालतं का ते विचारून घ्या.

कोणी गेलं तर फ्युनरल. आठवड्यात मधल्याच दिवशी, सहसा सकाळी अकराला, त्याच्या आधी तासभर भेटायची वेळ. ओळख थोडी असली तरी जायचं. गडद रंगाचे साधे कपडे, पांढरं नको. दफन झालं की सगळे परत बेसमेंटमध्ये जेवायला येतात, बटर लावलेला हॅम बन, बटाट्याचं सॅलड, लोणच्याची काकडी, बार्स, कॉफी. हे जेवण घरचे करत नाहीत, चर्चच्या बायकांचे गट पाळीपाळीने करतात. तुम्हाला फोन आला की "एक पॅन बार्स आणशील का" तर हो म्हणा, त्या फोनचा अर्थ तुम्ही यादीत आलात. नारळाची वडी केलीत तरी चालते, पण तुकडे छोटे करा. जेवताना हसणं-गप्पा चालतात, विचित्र वाटून घेऊ नका.

आणि आता रविवार, महिनाभराने जा, तोपर्यंत चार चेहरे ओळखीचे असतात. प्रार्थना (सर्व्हिस) साधारण तासाभराची असते. जीन्स चालते, टोपी नाही. पुढचे बाक रिकामे आणि मागचे भरलेले असतात, मागच्या बाकांना अघोषित मालक आहेत, तुम्ही मधल्या रांगेत कडेला बसा. दाराशी कागद मिळतो त्यात ठळक अक्षरातलं सगळ्यांनी म्हणायचं, तुम्ही नाही म्हटलं तरी चालतं, उभे राहा म्हणजे झालं. गाण्याचे नंबर भिंतीवरच्या फळीवर. मध्ये एकदा सगळे एकमेकांना शांती म्हणत हात मिळवतात, हे लांबतं, नमस्कार केलात तरी हसून नमस्कार करतात. लहान मुलांना पुढे बोलावून पायऱ्यांवर बसवून गोष्ट सांगतात, तुमचं मूल पळालं पुढे तर पळू द्या. दानाची थाळी आली तर नुसती पुढे सरकवली तरी चालते.

कम्युनियनला मात्र मी पुढे जात नाही, किंवा गेले तर हात छातीवर घडी घालून, मग पास्टर फक्त डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. काही ईएलसीए चर्चमध्ये "सगळ्यांना या" असं म्हणतात, तरी तो त्यांच्या श्रद्धेचा गाभा आहे, प्रसाद म्हणून सहज घ्यायची गोष्ट नाही असं मला वाटतं. बसून राहिलात तर शेजारच्यांना जायला पाय बाजूला घ्या, कोणी विचारत नाही का नाही आलात. व्हिजिटर कार्ड भरलंत तर पास्टरचा फोन किंवा घरी भेट येणार हे गृहीत धरा, नको असेल तर भरू नका. सदस्य व्हायला वेगळा वर्ग असतो, नकळत कोणी सदस्य होत नाही, ती भीती सोडा.

निघताना वेळ काढून ठेवा, खुर्चीवरून उठणं, कोट घालणं, दारात, गाडीपाशी असे चार टप्पे असतात. उन्हाळ्यात सगळं बदलतं, संडे स्कूल मे मध्ये बंद, सर्व्हिसची वेळ लवकरची, कधी तळ्याकाठी, क्विल्टिंगलाही सुट्टी कारण बायका बागेत. म्हणून नवीन माणसाने सुरुवात करायची ती सप्टेंबरात, लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) झाला की पुढच्याच मंगळवारी, कात्री आपली घेऊन जा, तिथल्या बोथट असतात.