नव्या नोकरीचा पगार आला नाही? आधी तो कुठे अडकलाय ते शोधा

महिन्याची शेवटची तारीख. शेजारच्या टेबलावर मोबाईल टुंग करतो, मग पलीकडचा, मग तिसरा. तुमचा मात्र गप्प. नोकरीला लागून जेमतेम महिना झालेला, कुणाशी धड ओळख नाही, आणि पहिल्याच महिन्यात पैशाचं कसं विचारायचं म्हणून आपण दोन दिवस थांबतो. मग आणखी दोन. मी नऊ दिवस थांबलो होतो. दहाव्या दिवशी कळलं की माझ्या खाते क्रमांकात ६९ च्या जागी ९६ पडलं होतं. पगार बँकेत जाऊन परत आला होता आणि परत आलेल्या रकमांच्या यादीत पडून होता. मी विचारेपर्यंत ती यादी कुणी उघडलीच नव्हती.

तेव्हापासून ‘पगार कधी होईल?’ असं विचारणं मी सोडलं. त्याला ‘प्रोसेसमध्ये आहे’ याशिवाय दुसरं उत्तर येत नाही. विचारायचं ते ‘कुठे अडकलाय?’

पगाराचा रस्ता

नव्या माणसाचा पगार साधारण चार टेबलांवरून जातो. एचआर तुमची नोंद करतं, पेरोलवाले हजेरी आणि कपाती धरून आकडा काढतात, एखादा वरिष्ठ मंजुरी देतो आणि मग बँकेला फाईल जाते. कुठल्याही टेबलावर कागद अडू शकतो, आणि पुढच्या टेबलावरच्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून ‘एचआरला सांगितलंय’ एवढ्यावर निर्धास्त राहू नका.

या रस्त्यावर एक फाटक आहे, त्याला कट-ऑफ म्हणतात. महिन्यातल्या ठरलेल्या तारखेनंतर पेरोलमध्ये नवीन नाव घेत नाहीत. तुम्ही त्यानंतर रुजू झाला असाल, किंवा आधी रुजू होऊनही कागद नंतर पोचले असतील, तर त्या दिवसांचा पगार पुढच्या महिन्यात थकबाकी म्हणून मिळतो. यात कुणाची चूक नसते. पण हे आधी सांगत नाहीत ही चूकच. रुजू होण्याच्या दिवशीच कट-ऑफची तारीख विचारून ठेवा.

नेमके तीन प्रश्न

ठरलेली तारीख उलटली की दुसऱ्या कामाच्या दिवशी लिहा. बोलणं कराच, पण लिहिल्याशिवाय राहू नका. मजकूर इतका पुरे:

‘नमस्कार, मी अमुक तारखेला रुजू झालो. या महिन्याचा पगार खात्यात आलेला नाही. कृपया तीन गोष्टी कळवाल का? या महिन्याच्या पेरोलमध्ये माझं नाव होतं का? असल्यास रक्कम रोखून ठेवली आहे का, आणि कशासाठी? बँकेला पाठवली असल्यास कोणत्या तारखेला, आणि तिचा व्यवहार क्रमांक काय? माझ्याकडून काही कागद हवा असल्यास आजच देतो.’

शेवटचं वाक्य गाळू नका. त्यानं सूर तक्रारीचा राहत नाही, आणि कागद राहिला असेल तर तो नेमका कोणता हे समोरच्याला सांगावं लागतं. आपल्या साहेबांना याची प्रत पाठवा. नव्या माणसाच्या पत्रापेक्षा त्यांच्या एका फोननं काम लवकर हलतं, हा अनुभव आहे.

उत्तरावरून पुढचं ठरतं. नावच नव्हतं असं आलं, तर एचआरकडून पेरोलकडे नोंद गेलेली नाही. पुढच्या महिन्याची वाट बघायची नसेल तर मधला पगार, म्हणजे नेहमीच्या तारखेबाहेरचं पेमेंट, करता येईल का ते स्पष्ट विचारा. पुष्कळ ठिकाणी ही सोय असते, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही. ते जमत नसेल तर आगाऊ रक्कम मागा, आणि ती कोणत्या महिन्याच्या पगारातून, किती हप्त्यांत वळती होणार हे लिहून घ्या.

रोखून ठेवलाय असं आलं, तर बहुधा एखादा कागद अपुरा असतो: कराचा क्रमांक, ओळखपत्र, सही राहिलेला करार. हमखास सापडणारी भानगड नावाची. ओळखपत्रावर आडनाव आधी, बँकेत शेवटी. एकीकडे मधलं नाव पूर्ण, दुसरीकडे नुसतं अक्षर. माणूस एकच, पण संगणकाला दोन दिसतात. सगळीकडची नावं बदलत बसण्यापेक्षा बँकेत जसं आहे तसंच पेरोलमध्ये लावता येईल का ते आधी बघा. ते लवकर होतं.

बँकेला पाठवलाय असं आलं, तर व्यवहार क्रमांक घेऊन आपल्या बँकेत चौकशी करा आणि पेरोलवाल्यांना त्यांच्याकडे नोंदवलेला खाते क्रमांक वाचून दाखवायला सांगा. तुम्ही वाचू नका, त्यांना वाचू द्या. आपण वाचला की ऐकणारा नुसतं ‘हो, हो’ म्हणतो. आयबॅन, म्हणजे अनेक देशांत चालणारा आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, या पद्धतीच्या क्रमांकात दोन तपासणी अंक असतात, त्यामुळे शेजारचे दोन आकडे उलटे पडले तर तपासणीत लगेच पकडले जातात. सगळ्याच खाते क्रमांकांना असा पहारा नसतो. चुकीच्या क्रमांकाचं खातं अस्तित्वात नसेल तर रक्कम परत येते. दुसऱ्या कुणाचं असेल तर मात्र पैसे काढून आणायला वेळ लागतो. त्या भानगडीत तुम्ही पडू नका. चूक टंकणाऱ्याची असेल तर तुमचा पगार तुम्हाला वेगळा मिळाला पाहिजे, वसुली त्यांनी करावी.

मधल्या दिवसांत

कर्जाचा हप्ता किंवा घरभाडं असेल तर तारीख उलटण्याच्या आधी बँकेला आणि घरमालकाला सांगा. आधी सांगितलं तर तारीख पुढे सरकू शकते, नंतर सांगितलं तर दंड कमी करून घेण्यासाठी हातापाया पडावं लागतं. कार्यालयाकडून ‘प्रशासकीय कारणानं पगारास विलंब झाला आहे’ असं दोन ओळींचं पत्र मागून घ्या, ते अशा वेळी उपयोगी पडतं. झटपट कर्ज देणाऱ्या ॲपच्या वाटेला जाऊ नका. पगार आठ दिवसांत येतो, त्याचं व्याज मात्र महिनोन्महिने पुरतं.

गोंधळ आहे की पाणी मुरतंय?

एकट्या तुमचाच पगार राहिला असेल तर बहुधा कागदाचा घोळ असतो. सगळ्यांचाच लांबला असेल, दर वेळी नवं कारण मिळत असेल, पगारपत्रक मागितलं की टाळाटाळ होत असेल, तर मामला वेगळा आहे. आणि पगार सोडवण्यासाठी तुमच्याकडेच ‘शुल्क’ मागितलं, तर ती नोकरीच नव्हे, फसवणूक आहे.

मोठ्या यंत्रणाही अडखळतात. कॅनडाच्या केंद्र सरकारनं २०१६ मध्ये फिनिक्स नावाची पगारप्रणाली सुरू केली आणि हजारो सरकारी कर्मचाऱ्यांचे पगार चुकले. कुणाला कमी, कुणाला जास्त, कुणाला काहीच नाही. पण घोळ खरा असला तरी पगार वेळेवर देण्याची जबाबदारी देणाऱ्याचीच राहते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९४९ च्या वेतन संरक्षण करारातही वेतन नियमित द्यावं असं स्पष्ट म्हटलं आहे, आणि बहुतेक देशांच्या कायद्यात पगाराच्या मुदतीची काही ना काही तरतूद असते.

म्हणून दुसरी तारीखही कोरडी गेली तर एचआर प्रमुखांना लेखी कळवा, ठराविक दिवसांची मुदत द्या, आणि तरी हललं नाही तर कामगार कार्यालय किंवा वकील गाठा. अशा दाव्यांना बहुधा कालमर्यादा असते, तेव्हा भिडेपोटी वर्ष घालवू नका. नेमणूकपत्र, हजेरीच्या नोंदी आणि हा पत्रव्यवहार यांच्या प्रती स्वतःजवळ असू द्या. रागानं काम बंद करू नका किंवा राजीनामा फेकू नका; करारात काय लिहिलंय ते आधी वाचा.

पैसे आल्यावर

पगारपत्रकात दिवस मोजा. अर्धवट महिन्याचा पगार कुणी महिन्याच्या एकूण दिवसांवर काढतं, कुणी कामाच्या दिवसांवर. तुमच्या करारात काय आहे ते ताडून बघा. दोन महिन्यांचं एकदम आलं असेल तर करकपात मोठी दिसू शकते, तिचा हिशेब मागा. आणि चुकून दोनदा जमा झालं तर हात लावू नका, ते परत द्यावंच लागतं.

एक काम तरीही उरतं. माझा अडकलेला पगार दहाव्या दिवशी योग्य खात्यात आला आणि मी विषय सोडून दिला. दुरुस्ती फक्त त्या एका पेमेंटच्या फॉर्मवर झाली होती, मूळ नोंदीत ९६ तसंच होतं. दुसरा पगारही परत गेला. तेव्हा पुढच्या कट-ऑफच्या दोन दिवस आधी पेरोलला फोन करा, आणि खाते क्रमांक पुन्हा त्यांनाच वाचायला सांगा.